वाफेची पातेली

पौषात आमचा धंदा बसतो. लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, वास्तुशांत नाही. पातेली, पराती, झारे, ताटं-वाट्या सगळं माळ्यावर पालथं. सासऱ्यांनी कोल्हापुरात भांडी भाड्यानं द्यायचं दुकान काढलं तेव्हापासून पौष हा कल्हई करून घ्यायचा आणि तुटलेले कान बसवून घ्यायचा महिना. त्यामुळे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका पौषात मिलिटरीचा माणूस दुकानात येऊन “मोठी पातेली किती हायत?” म्हणाला, तेव्हा अंथरुणात पडलेले माझे यजमान उठून बसले.

ते पडले होते तापानं. गावात तेव्हा सर्दी-ताप-खोकल्याची साथ होती. घरटी एक तरी माणूस आडवं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा व्हायरस आहे, याला औषध नाही. पडून राहा, गरम पाणी प्या, पोरांना लांब ठेवा. यजमान पडून राहिले आणि बरे होत आले. घरात पडून राहायची सोय होती, म्हणून बरे झाले.

शहराबाहेरच्या माळावर त्या काळात नव्या भरतीच्या पोरांचं एक तात्पुरतं शिक्षण केंद्र होतं. पत्र्याच्या लांबलचक बराकी, मधे मैदान, एका बाजूला विहीर, भोवती तारेचं कुंपण. पुढे ते हललं. आता तिथे प्लॉट पडून घरं झाली आहेत.

माझा धाकटा भाऊ तिथेच होता. आमचं माहेर हुपरीचं. घरात चांदीचं काम, पैंजणांच्या कड्या जोडायच्या. वडील लवकर गेले. काकांच्या हाताखाली दिवसभर मान मोडून बसायचं आणि नळीनं ज्योतीवर फुंकत राहायचं, हे त्याला कधी मानवलं नाही. वय झाल्याबरोबर तो भरतीला उभा राहिला, निवडला गेला, आणि आईनं आख्ख्या गल्लीत पेढे वाटले. पहिल्या तुकडीत असताना भिंतीवरून उडी मारताना त्याचा घोटा मोडला. तो बरा होईतो तुकडी पुढे गेली आणि याला मागच्या तुकडीत टाकलं. तेव्हाच त्याला बजावलं होतं की एकदा मागे पडलास ते चालवून घेतलं, पुन्हा पडलास तर घरी. आता या तुकडीची शपथेची परेड महिन्यावर आली होती. ती झाली की तो जवान. नाही झाली तर पुन्हा काकांसमोर पाटावर. त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, आणि आईच्याही नव्हतं.

पातेली मागायला आलेले हवालदार याच तुकडीला शिकवत. पोरं त्यांना उस्ताद म्हणत, म्हणून मीही उस्तादच म्हणू लागले. आवाज असा की दुकानातली ताटं वाजायची.

“लगीन न्हाय वैनी, उगा दर सांगू नगा,” ते म्हणाले. “पोरास्नी वाफ द्याची हाय, काढा द्याचा हाय. निम्मी बराक खोकालीय. पत्रं हादरत्यात.”

“दवाखान्यात न्या की.”

“सगळ्यास्नी नेलं तर परेड कुणाची घेऊ? तुमची?”

यजमान हसले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. उस्ताद दोन पावलं मागे सरले. घाबरत तेही होते.

पहिली खेप मामूंनी एकट्यानं नेली. मामू म्हणजे आमच्याकडे हातगाडी ओढणारे आणि कल्हई करणारे मुसलमान गृहस्थ, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. मला वैनी म्हणायचे आणि माझ्यावर ओरडायचे. परत आले ते कपाळाला हात लावून. “वैनी, वो लोग काढा उकळालेत तांब्याच्या पातेल्यात, आन् खाली जाळ असा की कल्हई चार दिसात खलास. बिनकल्हईचा काढा पिऊन पोरं मरतील, नाव आपलं खराब.”

म्हणून ठरलं की काही दिवसांनी जाऊन कल्हई उडालेली पातेली आणायची आणि चकचकीत केलेली ठेवून यायची. मी म्हटलं, मी येते. साथीमुळे नातेवाइकांना फाटकातून आत बंदी होती. पण भांडीवाली नातेवाईक नसते.

सकाळी लवकर आम्ही पोहोचलो. मैदानाच्या कडेला मिलिटरी ब्लँकेटांचे मोठमोठे ढीग दिसले. ढिगांतून वाफ निघत होती आणि ढीग खोकत होते. जवळ गेल्यावर कळलं. चुलवणावरून उतरवलेलं एकेक पातेलं मधे, त्यात निलगिरीचा पाला, भोवती सात-आठ पोरं उकिडवी बसलेली, डोक्याला डोकं लावून, आणि वरून दोन-तीन ब्लँकेटं टाकून सगळं बंद. उस्ताद काठी घेऊन फिरत होते.

“नाकानं आत! तोंडानं भाईर! ए, कोण डोस्कं काढालाय? आत घाल!”

आतून एक उबळ यायची, की तिच्यापाठोपाठ दुसऱ्याला, तिसऱ्याला. सगळं त्या ब्लँकेटाच्या आत. घरात यजमानांचा पेलासुद्धा मी वेगळा ठेवला होता.

“उस्ताद, एकेकट्यानं घेऊ द्या की वाफ,” मी म्हटलं.

“तेवढं जळण कोण दील? आन् पलटणीत सगळं संगंच असतंय वैनी. जेवण संगं, आंघोळ संगं, खोकला बी संगं.” पोरं ब्लँकेटाखाली हसली आणि पुन्हा खोकली.

थट्टा सोडली तर त्यांनी काही केलं नव्हतं असं नाही. बाहेरगावाहून मिलिटरीचा डॉक्टर येऊन गेला होता. त्यानं खाटा उलटसुलट लावायला सांगितल्या होत्या. एकाचं डोकं जिथे, तिथे शेजारच्याचे पाय. म्हणजे झोपेत एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर नको. हे ऐकून मला बरं वाटलं. मग सकाळ झाली की तीच डोकी एका पातेल्यावर आणून टेकवत होते. वाफेचं डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. ते उस्तादांचं होतं. कुठल्याशा बर्फाच्या ठाण्यावर त्यांना स्वतःला वाफेनं बरं वाटलं होतं.

वाफ झाली की तशीच रांग लावायची आणि औषधवाला शिपाई थर्मामीटर घेऊन यायचा. ताप दाखवला की त्याला बाजूला काढायचं, असा हुकूम होता. पण वाफेतून उठलेलं प्रत्येक तोंड लालबुंद आणि गरम. पारा चढलेला दिसला की पोरगं म्हणायचं, “वाफ घेतलीय साब, त्येचा हाय.” शिपाई थर्मामीटर झटकायचा आणि पुढे जायचा. त्यालाही परेडची वेळ गाठायची होती. चेहऱ्यावरून कोण तापलेला आणि कोण नुसता शेकलेला, हे ओळखायला मार्गच नव्हता. आणि हे पोरांना चांगलं कळलं होतं. ती वाफेसाठी भांडायची.

पातेलं गाडीवर चढवायला उस्तादांनी दोघांना पाठवलं, त्यांत माझा भाऊ. मुद्दाम पाठवला असावा. एक कान त्यानं धरला, एक मी. बोटांना बोटं लागली आणि मी पातेलं खाली ठेवलं.

“अंग तापलंय तुझं.”

“आत्ताच वाफ घेतलीय आक्का.”

“तोंडानं घेतलीस का तळहातानं?”

तो हसला. मग माझ्या जवळ येऊन पुटपुटला, “बोलू नगंस. परेड झाली की झोपतो की. लागंल तेवढं झोपतो.”

“तवर?”

“तवर काय? सगळीच खोकालीत. मी एकटा हाय व्हय?”

“मी उस्तादांस्नी सांगते.”

“आईची शपथ हाय तुला.” त्याचे डोळे पाण्यानं भरले होते, तापानं. “मला घरी घालवतील आक्का. मी हुपरीला न्हाय जाणार. हिरीत उडी टाकीन पर न्हाय जाणार.”

मी सांगितलं नाही. तापाच्या गोळ्या नेऊन दिल्या. पातेल्यात वाट्या, वाटीत पुडी. गोळी घेतली की ताप उतरायचा, तो दौडीत धावायचा, ताप पुन्हा चढायचा. प्रत्येक खेपेला मी त्याच्याकडे बघायची ते मामूंनी पातेल्याकडे बघावं तसं, कुठे पातळ झालंय, कुठे भोक पडेल. आधी तो पूर्ण वाक्य बोलायचा. मग अर्ध्यावर थांबून श्वास घ्यायला लागला. मग नुसती मान हलवायला लागला. एका खेपेला पातेल्याचा कान त्याच्या हातून सुटला. शेजारच्यानं झटकन धरला आणि दोघांनी उस्तादांकडे पाठ केली.

शेवटी मी उस्तादांना आडून विचारलं. “ह्यातली काही पोरं खरंच तापलेली असली तर?”

“वैनी, तुमी भांड्याचं बोला.”

“भांड्याचंच बोलतेय. वाफेमागं लपालीत ती.”

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. आवाज खाली आणला तो पहिल्यांदाच. “मला दिसत न्हाय असं वाटतंय व्हय तुमास्नी? मी चालीवरनं ओळखतोय की. पर मी नाव दिलं की त्यो मागं पडला. ह्यास्नी सा म्हैनं घासून काढलंय मी. पोरं पाय धरत्यात. उस्ताद, नाव नगा दिऊ, बाला काय तोंड दाखवू. मी काय करू? सांगा की तुमी.”

मलाही कुणीतरी सांगायला हवं होतं. घरी यजमानांना विचारलं तर ते म्हणाले, “तुझा भाऊ. तू ठरीव.” आईला कळवायचा प्रश्नच नव्हता. ती एकच म्हणाली असती, परेड होईतो कळ काढ म्हणावं.

मग आजऱ्याकडचा एक पोरगा गेला. माझ्या भावाच्या शेजारच्या खाटेवरचा. पातेल्याचा कान धरला होता तोच. सकाळच्या दौडीत तो मधेच खाली बसला. उस्ताद ओरडले, ऊठ. तो उठला नाही. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. हे मामूंनी चहाच्या गाड्यावर ऐकलं आणि दुकानात येऊन सांगितलं. सांगताना ओरडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी खेप नव्हती. तरी मी मामूंना गाडी काढायला लावली.

फाटकाबाहेर एक म्हातारा उभा होता. डोक्याला मुंडासं, हातात तांदळाची पिशवी, त्या तांदळाचा सुगंध लांबूनच येत होता. पहाऱ्यावरचं पोरगं बंदूक घेऊन ताठ उभं होतं आणि त्याच्याकडे बघत नव्हतं.

“बाई, तुमी आत चाललाय न्हवं?” म्हातारा म्हणाला. “ह्ये आत सोडंनात. पोराला माज्या निरोप तरी द्या, बा आलाय म्हणावं. लई खोकतोय म्हणून कुणीतरी सांगितलं, तवा आलो.” आणि त्यानं आजऱ्याकडच्या त्याच पोराचं नाव सांगितलं.

पोरगा गेल्याची तार त्याला वाटेत चुकली होती. मी पहारेकऱ्याकडे बघितलं. त्याला सांगता येणार नव्हतं, आणि आतून कुणी येईपर्यंत म्हातारा त्या पिशवीसकट तिथेच उभा राहिला असता.

मी त्याला हातगाडीच्या दांडीवर बसवलं आणि सांगितलं. मामा, तुमचा पोरगा काल दौडीत पडला आणि गेला. याहून बरं सांगायची रीत मला येत नाही.

त्यानं पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाला, “त्यानं तर बरा हाय म्हणून कळवलंतं की.”

मामूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी फाटकातून आत गेले आणि पहारेकऱ्याला म्हटलं, साहेबांना बोलव, ह्यांना आत ने. तो पळाला.

आत वाफ चालू होती. पोरगा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी वाफ जास्तच जोरात होती, उस्तादांना तेवढंच करता येत होतं. मी भावाच्या ढिगाजवळ गेले, ब्लँकेट उचललं. तो दोन्ही हात जमिनीला टेकून बसला होता, बसल्या जागी धाप. ओठ जांभळटलेले. बाकीच्या डोक्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कुणी हसलं नाही.

जाऊन त्याचं नाव सांगणं सोपं होतं असं कुणाला वाटेल. नाव सांगितलं असतं तर त्याचं एकट्याचं नाव गेलं असतं, बहिणीनं चुगली केलेला म्हणून. तो शपथा घेऊन नाही म्हणाला असता, लाल तोंड दाखवून वाफेचं आहे म्हणाला असता. आणि त्या ढिगातली बाकीची तशीच दौडीला गेली असती. माझ्या हातात दुसरं काय होतं? पातेली होती. ती आमची होती.

तोवर म्हाताऱ्याला साहेबांकडे नेलं होतं आणि मामू गाडी घेऊन आत आले होते. मी त्यांना हाक मारली. “भरा गाडी.”

“कौनसी? काळी झालेली?”

“सगळी.”

पहिलं पातेलं आम्ही दोघांनी आडवं केलं. उकळतं पाणी मातीत गेलं, पाला वाफाळत पडला. पोरं उड्या मारून बाजूला झाली.

“ओ आक्का! आमची वाफ!”

उस्ताद धावत आले. “वैनी! काय चालवलंय ह्ये?”

“पातेली पायजेत. मागणी आलीय.”

“पौषात? पौषात कुणाचं लगीन काढलंसा?”

“लगीन न्हाय. तेराव्याचं जेवण हाय. मर्तिकाला पौष आडवा येत न्हाय.”

आदल्या दिवशीच त्यांच्या रांगेतला एक गेला होता. दुसऱ्या कुठल्या शब्दानं ते अडले नसते. मेसमधली पातेली भातात आणि चहात अडकलेली, तीच वाफेला पुरत नाहीत म्हणून तर आमची आणली होती. त्यांनी काठी बगलेत मारली आणि मैदानाकडे तोंड करून उभे राहिले.

भाऊ बघत होता. बाकीच्यांना काही कळलं नाही. त्याला कळलं. पातेलं गाडीवर चढवायला तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ नव्हती. पोरगा गेल्यामुळे मिलिटरीचा डॉक्टर स्वतः आला होता. रांग लागली, थर्मामीटर लागले, आणि सांगायला कारण कुणाकडेच नव्हतं. जवळजवळ निम्मी रांग बाजूला निघाली. माझा भाऊ दोघांच्या आधारानं निघाला. हे मला पहाऱ्यावरच्या त्याच पोरानं नंतर सांगितलं. शहरातल्या एका दवाखान्यात त्यांच्यासाठी वेगळा वॉर्ड काढला होता. ट्रकनं नेलं. दौड बंद झाली. बराकींच्या खिडक्या दिवसभर उघड्या टाकल्या.

भावाला एका फुप्फुसात न्यूमोनिया झाला होता. पहिले काही दिवस मला लांबूनच बघू दिलं. नाकात नळी, छाती भात्यासारखी. हुपरीहून आई आली. तिनं मला एकच विचारलं, “परेडीपतूर उठंल न्हवं?” मी म्हटलं, “जिवंत राहू दे आधी.” ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मीच त्याला आजारी पाडलंय.

नळी काढली त्या दिवशी मी डबा घेऊन गेले. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी डबा उघडला, चमचा धुतला. तो बोलला, भिंतीशीच.

“आक्का, तेरावं कुणाचं व्हतं?”

“तुझं,” मी म्हटलं. “घालाय लागू नये म्हणून पातेली आणली.”

“मला इचाराचं तरी.”

“इचारलं असतं तर दिलं असतंस?”

“न्हाय.”

“मग?”

तो वळला नाही. डबा मी शेजारच्या खाटेवरच्या पोराला दिला. त्यानं पुसून खाल्ला.

वॉर्डातली बरीच पोरं बरी झाली. आणखी एक गेला. जे पहिल्यांदाच मागे पडले होते, त्यांना पुढच्या तुकडीत घेतलं. माझा भाऊ दुसऱ्यांदा पडला होता, आणि वरून छातीचा फोटो काढून डॉक्टरांनी नापास केलं. दोन्ही बाजूंनी दार लागलं. पेटी घेऊन तो आमच्याकडे आला, कारण हुपरीला जायला तयार नव्हता. दुकानात बाकावर बसून राहायचा. गिऱ्हाईक आलं की आत जायचा.

माघ लागला. लग्नं सुरू झाली, पातेली कमी पडायला लागली. अशातच एक दिवस उस्ताद दारात उभे. या वेळी एकदम पहिल्यासारखा आवाज नव्हता.

“वैनी, शपथेची परेड हाय. मग बडाखाना. पातेली, पराती, ताटं सगळंच लागंल.”

बडाखाना म्हणजे परेडीनंतरचं मोठं जेवण, साहेब आणि जवान एका पंगतीला. भाऊ बाकावर होता. आत जायच्या आधीच उस्तादांनी त्याला बघितलं. तो ताडकन उभा राहिला, टाचा जुळवून, हात मांड्यांना लावून. चपलांत, लुंगीवर.

“बस रं,” उस्ताद म्हणाले.

तो बसला नाही.

“बस म्हणलं न्हवं? हुकूम हाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “निम्मीच पोरं हायत परेडीला. साहेब म्हणाले, हवालदार, तुमची तुकडी कुठं हाय? मी म्हणलं, वॉर्डात हाय साब, वाफंनं लपीवल्याली. काय सांगणार दुसरं?”

“तुमास्नी काय म्हणाले?”

“काय म्हणायचं त्ये म्हणाले.” ते टोपी काढून आत बघत राहिले. “तेरावं कुणाचं व्हतं, ह्ये मी अजून इचारलं न्हाय वैनी. इचारणार बी न्हाय.”

मी होय म्हणावं की नाही, हे मला ठरवायचं होतं. त्या दिवशी दुसरीकडे लग्नाची मागणी होती, ती कारण म्हणून पुरली असती. पण भांडी न देऊन कुणाची परेड परत येणार होती? मी यजमानांना हाक मारली आणि सामान काढायला सांगितलं.

माळ्यावरून पातेलं उतरवताना भाऊ उठला. मी नको म्हटलं. त्यानं ऐकलं नाही. एक कान धरून दारापर्यंत आला आणि तिथे भिंतीला टेकला. श्वास पुरेना. उस्तादांनी त्याच्या हातातून कान सोडवून घेतला, आणि मामूंबरोबर पातेलं गाडीत ठेवलं. भाऊ गाडी दिसेनाशी होईपर्यंत दारात होता. मग आत येऊन पेटी उचलली.

“कुठं चाललास?”

“बगतो.”

“जेवून जा.”

“नगं.”

पुढे तो शिरोलीच्या एका कारखान्यात गेटवर लागला. लग्न केलं, मला बोलावलं नाही. आईनं बोलावलं, मी गेले. भाऊबीजेला तो येत नाही. इतकी वर्षं झाली, आता मी पन्नाशीला आले. आई होती तोवर तिच्याकडून कळायचं, बरा हाय म्हणून. ‘बरा’ हा शब्द त्याच्याबद्दल ऐकला की मला बरं वाटत नाही, पण विचारून उपयोगही नसायचा.

गेल्या थंडीत गावात पुन्हा तापाची साथ आली. मी एक दिवस दुकान लवकर बंद केलं आणि शिरोलीची बस धरली. दार त्याच्या बायकोनं उघडलं. मला बघून तिनं पदर सावरला आणि घाईघाईनं म्हणाली, “या की वन्सं. ह्ये ड्युटीला गेल्यात.”

“ताप हाय त्याला?”

तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

“मी कुणाला सांगत न्हाय. ताप हाय का?”

“खोकतात लई,” ती म्हणाली. “रात्री धाप लागती. रजा टाका म्हणलं तर अंगावर येत्यात.”

“ताप किती हाय?”

“काय ठावं वन्सं. अंगाला हात लावू देत न्हाईत.”